वय वर्षे तीन पूर्ण, वर अठ्ठावन्न

प्रति,
मा. बालशिक्षण अधिकारी,
नगर कार्यालय, दुसरा मजला,
(जिन्यात पाणी साचते तेथून डावीकडे)

अर्जदार : सेवानिवृत्त चावीवाला, पाणीपुरवठा विभाग. राहणार टाकीमागची गल्ली, शेवटून दुसरे घर.

विषय : टाकीमागच्या बालवाडीत विसावा विद्यार्थी म्हणून रीतसर प्रवेश मिळणेबाबत, व त्यायोगे सदर बालवाडी येत्या एक तारखेपासून मोठ्या रस्त्यापलीकडच्या बालवाडीत विलीन न करणेबाबत.

संदर्भ : १) आपले विलीनीकरणाचे पत्र, जे बालवाडीच्या दारावर चिकटवलेले असून ज्याचा खालचा कोपरा एका विद्यार्थ्याने (वय वर्षे साडेतीन) खाल्लेला आहे.
२) प्रवेशाचे परिपत्रक, कलम चार.
३) पर्यवेक्षिका बाईंचा तपासणी अहवाल, विशेषतः त्यातील ‘एक इसम गुरगुरला’ हे वाक्य.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार सविनय निवेदन करतो की, त्याचे वय एकसष्ट असून त्याने चौतीस वर्षे या गावच्या पाण्याच्या चाव्या उघडल्या व बंद केल्या. कोणत्या गल्लीला किती वाजता व किती वेळ पाणी, हे त्याच्या हातातल्या लांब लोखंडी चावीवर ठरत असे. त्यामुळे लोक त्याला नावाने ओळखत नाहीत, चावीवाला म्हणतात. आणखीही काही म्हणत असत, ते अर्जात लिहिण्यासारखे नाही. अर्जाची भाषा अर्जदारास चांगली येते, कारण इतकी वर्षे त्याच्याविरुद्ध आलेले अर्ज साहेब लोक त्याला उभे करून वाचून दाखवीत. स्वतःहून अर्ज करण्याची वेळ मात्र आज प्रथमच आली आहे. चूकभूल द्यावी घ्यावी.

२. अर्जदाराची नात, जिला घरात मुंगी म्हणतात, ती साडेतीन वर्षांची होईपर्यंत घराबाहेर एक अक्षर बोलत नव्हती. घरात तिचे तोंड मिटत नसे, पण उंबरठा ओलांडला की कुलूप. डॉक्टरांनी कान तपासले, ठीक. घसा तपासला, ठीक. ‘मुलांत घाला, बोलेल,’ असे त्यांनी सांगितले, म्हणून वर्षाच्या सुरुवातीला तिला टाकीमागच्या बालवाडीत घातले. तिची आई, म्हणजे अर्जदाराची लेक, शिवणकारखान्यात कामाला जाते, त्यामुळे नेण्या-आणण्याचे काम घरातल्या एकमेव रिकामटेकड्या इसमाकडे आले. पहिल्या दिवशी मुंगीने अर्जदाराचे बोट असे धरले की सोडवता सोडवेना. तेव्हा बालवाडीच्या बाईंनी नियमाप्रमाणे ‘रडणाऱ्या बालकाच्या पालकास तीन दिवस वर्गात बसू द्यावे’ अशी परवानगी दिली. तसा कागद सोबत जोडला आहे.

३. सदर तीन दिवसांचे सात महिने कसे झाले, याचा खुलासा पर्यवेक्षिका बाईंनी मागितला आहे. अर्जदार खरे तेच सांगतो. मुंगीने त्याचे बोट दुसऱ्याच दिवशी सोडले. चौथ्या दिवशी ‘आता जातो बरं का’ असे म्हणून तो उठला, तेव्हा तिने मागे वळूनही पाहिले नाही. उठवत नव्हते ते अर्जदारालाच. त्याचे असे झाले की, त्याच दिवशी वर्गात ठोकळ्यांचा बोगदा बांधणे चालू होते व तो दर वेळी मधूनच कोसळत होता. कमान कशी धरावी हे जन्मभर नळाच्या खड्ड्यांत उतरलेल्या माणसाला दिसत असताना त्याने गप्प राहावे, हे माणुसकीला धरून नव्हते. बोगदा उभा राहिला. मग त्यातून जायला आगगाडी हवी होती. मग आगगाडीला डबे. बाईंनी दोनदा घड्याळाकडे पाहिले आणि नंतर पाहणे सोडून दिले.

४. आता मुख्य दोषाकडे येतो. पत्रात म्हटल्याप्रमाणे बालवाडी चालू राहण्यास किमान वीस विद्यार्थी लागतात व येथे एकोणीसच आहेत, तरी फळ्यावर इतके महिने ‘वीस’ कसे लिहिले गेले? साहेब, यात लबाडी नाही. वर्गात डोकी मोजता येत नाहीत, हे ज्याने मोजून पाहिले त्यालाच कळेल. एक डोके दोनदा मोजले जाते, दोन डोकी पडद्यामागे असतात व एक मोजणाऱ्याच्या मागून त्याच्याबरोबर मोजत येत असते. म्हणून बालवाडीच्या मावशी, ज्या झाडलोट व खाऊ असे दोन्ही पाहतात, त्या दारातल्या फळीवरचे चपलांचे जोड मोजून आकडा फळ्यावर लिहितात. तीच तेथील जुनी पद्धत आहे. अर्जदाराच्या वहाणा सुरुवातीला पाहुण्याच्या म्हणून बाहेर पायरीवर असत. दुसऱ्या महिन्यात एक वहाण कुत्र्याने नेली, ती दोन गल्ल्या पालथ्या घालून आणली, तेव्हा मावशी म्हणाल्या, ‘आता फळीवरच ठेवत जा हो, रोज कोण धावणार?’ त्याच आठवड्यात विसावा विद्यार्थी आईवडिलांबरोबर दुसऱ्या गावी राहायला गेला. त्याचा जोड गेला, अर्जदाराचा आला. फळीवर वीसच राहिले. मावशींनी जोड मोजायचे असतात, मापे नव्हे. एकोणीस जोड वितीएवढे व विसावा नऊ नंबरचा, हे कोणाच्याच ध्यानात आले नाही.

५. ते पर्यवेक्षिका बाईंच्या ध्यानात आले. तपासणीच्या दिवशी त्यांनी नऊ नंबरची वहाण दोन बोटांत उचलून ‘ही कोणाची?’ असे विचारले. अर्जदार त्या वेळी टेबलाखाली अस्वल होता. खेळ असा आहे की मुले दहापर्यंत मोजतात व तोवर अस्वलाला गुहेबाहेर येता येत नाही की माणसासारखे बोलता येत नाही. मुले सातवर होती. पर्यवेक्षिका बाईंनी खाली वाकून पुन्हा विचारले. सरकारी माणसाला उत्तर न देणे हा उद्धटपणा झाला असता, म्हणून अर्जदाराने अस्वलाला शक्य होते ते उत्तर दिले. अहवालात त्याची नोंद ‘एक इसम गुरगुरला’ अशी झाली आहे. नोंद खरी आहे. फक्त त्यापुढे ‘नियमानुसार’ हा शब्द वाढवावा, इतकीच नम्र विनंती.

६. त्याच अहवालात ‘अध्यापन : आढळून आले नाही. मुले खेळत होती. पाण्याचा अपव्यय’ असेही लिहिले आहे. पाण्याबाबत अर्जदार जाणकार म्हणून साक्ष देऊ शकतो. त्या दिवशी मुले एका तांब्यातले पाणी दोन पेल्यांत सारखे ओतण्याचा प्रयत्न करीत होती. त्यात फरशीवर सांडले असेल दीड लिटर, तेही मावशींनी फडक्याने टिपून झाडांना घातले. आपल्या कार्यालयाच्या गच्चीवरची टाकी अर्जदार नोकरीला लागला त्या वर्षापासून वाहते आहे व ते पाणी जिन्यात साचते. अर्जदाराने त्याबद्दल सहा वेळा कळवले होते. हे उगाच उकरून काढायचे नव्हते, पण विषय निघाला म्हणून लिहिले.

७. ‘मुले नुसती खेळतात’ याबाबत. पालकसभेत बाईंनी जे सांगितले ते अर्जदाराने वहीत उतरवून घेतले आहे. सभेला चौघेच होते व त्यांतले दोघे झोपले होते, त्यामुळे वही एवढाच पुरावा उरला आहे. बाई म्हणाल्या की, माणसाच्या मेंदूची वाढ पहिल्या पाच-सहा वर्षांत सर्वांत झपाट्याने होते. मूल काही बघते, हाताळते, कोणाशी बोलते, हरते, वाट पाहते, तसतसे आत धाग्याला धागा जोडला जातो. वापरात राहतात ते धागे पक्के होतात, उरलेले गळतात. आणि या वयात ज्यांच्याशी नीट बोलले-खेळले गेले, ज्यांना चांगली सोबत मिळाली, त्यांना त्याचा फायदा मोठेपणी, अगदी नोकरीधंद्यात व संसारातसुद्धा होत असल्याचे अभ्यासात दिसले आहे. अर्जदाराला हे एका वाक्यात पटले, कारण मुख्य नळ अर्ध्या इंचाचा टाकला तर पुढे घरात कितीही चकचकीत तोट्या बसवा, पाणी येणार अर्ध्या इंचाचेच. आपण लोक तोट्यांवर फार खर्च करतो. जमिनीखाली काय टाकले ते कोणी विचारत नाही.

८. त्या रात्री अर्जदाराला झोप लागली नाही. कारण त्याच्या स्वतःच्या जमिनीखाली काय टाकले गेले, हे त्याला आठवले. त्याच्या लहानपणी बालवाडी नव्हतीच. पुढे शाळेत घालायची वेळ आली, तेव्हा त्याच्या वडिलांनी त्याला मास्तरांपुढे उभे केले. मास्तरांनी उंची पाहिली, म्हणाले, ‘हा पहिलीत मावायचा नाही, मागचे फळा दिसत नाही म्हणून ओरडतील,’ आणि त्याला थेट दुसरीत मागच्या भिंतीशी बसवले. तेथे सर्वांना सर्व येत होते. अर्जदाराला काहीच येत नव्हते व ते विचारावे कसे हेही येत नव्हते. न विचारण्याची जी सवय तेथे लागली ती पुढे पक्की झाली. मागून घेणे, वाटून घेणे, चुकलो म्हणणे, वाट पाहणे, यांतले काही म्हणून त्याला जमले नाही. हातात चावी आल्यावर तर लोकच त्याची वाट पाहू लागले, मग काय विचारता! ज्या गल्लीशी भांडण झाले तिचे पाणी दहा मिनिटे उशिरा सोडल्याचे प्रसंग घडले आहेत. अर्जदार ते आज कबूल करतो. निवृत्तिवेतनावर परिणाम होऊ नये.

९. दुसऱ्या दिवशी त्याने बाईंना विचारले की, एकसष्टाव्या वर्षी याचे काही होण्यासारखे आहे का. बाई म्हणाल्या, ‘दार बंद होत नाही आजोबा, जड होतं. लहानपणी बोटानं उघडतं, नंतर खांदा लावावा लागतो.’ चाव्यांचेही तसेच आहे. गंजलेली चावी फिरत नाही असे नाही. तेल घालायचे, अर्धा आटा पुढे, पाव आटा मागे, आणि एकदम जोर करायचा नाही. तेव्हापासून अर्जदार बालवाडीत बसत नसून शिकत आहे, हा फरक कृपया लक्षात घ्यावा.

१०. शिक्षणाचा परिणाम काय, असे आपण विचाराल. एक उदाहरण देतो. चौथ्या महिन्यात लाल पेल्यावरून अर्जदाराचे एका चार वर्षांच्या विद्यार्थ्याशी जुंपले. पेला अर्जदाराचा होता व तो न विचारता घेतला गेला होता. बालवाडीचा नियम आहे की भांडण झाले की दोघांनी कोपऱ्यातल्या सतरंजीवर समोरासमोर बसायचे, एकाने आपल्याला काय वाटले ते सांगायचे, दुसऱ्याने मध्ये न बोलता ऐकायचे, मग उलट, आणि मगच उठायचे. अर्जदाराचे गुडघे वाजत असताना त्याला खाली बसवण्यात आले. त्याने सांगितले, ‘माझी वस्तू मला न विचारता घेतली, म्हणून मला वाईट वाटलं.’ समोरच्याने ऐकले व म्हणाला, ‘मला तहान लागली होती.’ प्रकरण मिटले. पण अर्जदार सतरंजीवरच बसून राहिला. हेच वाक्य त्याच्या पोटात चौदा वर्षे पडून होते व ते दुसऱ्याच माणसासाठी होते.

११. तो माणूस म्हणजे पंपघरातला फिटर. अर्जदाराचा चोवीस नंबरचा पाना एके दिवशी नाहीसा झाला व तो फिटरनेच घेतला, अशी अर्जदाराची खात्री होती. तसे त्याने चारचौघांत बोलूनही दाखवले. त्यानंतर दोघे एकाच खोलीत काम करीत, पण बोलणे बंद. पंप चालू की बंद, हेसुद्धा पाटीवर खडूने लिहून कळवत. निवृत्त झाल्यावर पाटीही गेली. तर अर्जदार बाईंच्या परवानगीने सतरंजी काखेत मारून फिटरच्या घरी गेला, त्याच्या पडवीत ती पसरली व बसला. फिटर दारात उभा राहून बराच वेळ पाहत होता. शेवटी तोही बसला. अर्जदाराने आपले वाक्य सांगितले. मग फिटरचे बोलणे झाले. तो म्हणाला, ‘पाना तुझ्याच हातातून टाकीत पडला. मी वरून बघितला होता. बोललो असतो तर टाकीत लोखंड टाकलं म्हणून तुझ्यावर चौकशी बसली असती. म्हणून गप्प बसलो. आणि तू मलाच चोर म्हणालास.’

१२. साहेब, अर्जदाराला मध्ये बोलायचे नव्हते, तसा नियमच आहे. चौदा वर्षे ज्याला चोर म्हटले त्याने चौदा वर्षे अर्जदाराची नोकरी सांभाळली, हे ऐकून माणसाने करायचे काय? अर्जदार सतरंजीवर बसून रडला. फिटरच्या बायकोने चहा आणला तो गार झाला. आता दर आठवड्याला एकदा चहा होतो, कधी इकडे, कधी तिकडे. अर्जदाराच्या पत्नीचे म्हणणे असे की, तिला अडतीस वर्षांत जे जमले नाही ते बाईंनी चार महिन्यांत करून दाखवले. ती लेखी द्यायला तयार आहे, किंबहुना थांबवूनही थांबत नाही.

१३. ‘नुसत्या खेळा’चा हा परिणाम पिकल्या पानावर झाला. कोवळ्या पानांवर काय होत असेल, याचा हिशेब आपणच करावा.

१४. मुंगीचे सांगायचे राहिले. तेच खरे सांगायचे आहे. बालवाडीच्या अंगणात एकच घसरगुंडी आहे. तिच्यासाठी बाईंनी पुठ्ठ्याचे गोल बिल्ले केले आहेत, एक ते वीस. सकाळी डब्यातून ज्याच्या हाताला जो येईल तो त्याचा नंबर. मुंगी चार महिने बिल्ला घेई, नंबर आला की जाई, घसरे, परत येई. तोंडातून शब्द नाही. बाईंनी कधी जबरदस्ती केली नाही. तिच्याशी रोज बोलत, उत्तरासाठी थांबत, उत्तर आले नाही की मान हलवून पुढचे बोलत. अर्जदाराला वाटे, भिंतीवर पाणी मारण्याचा हा प्रकार आहे. एके सकाळी रांगेत थोडी गडबड झाली आणि अर्जदार, जुन्या सवयीने, मध्ये घुसला. मागून कोणीतरी सदरा ओढला. वळून पाहतो तर मुंगी. तिने त्याच्या हातातला बिल्ला वाचला, आपला दाखवला, आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असे म्हणाली, ‘आजोबा, तुमचा नंबर नाहीये आत्ता!’

१५. घराबाहेर बोललेले तिचे हे पहिले वाक्य. ज्या माणसाने चौतीस वर्षे अख्ख्या गावाचे नंबर लावले त्याला त्याच्या नातीने रांगेच्या शेवटी पाठवले आणि तो गेला. इतक्या आनंदाने कोणी रांगेच्या शेवटी गेला नसेल. मावशी खाऊचे पातेले तसेच टाकून धावत आल्या. बाई नुसता चष्मा पुसत राहिल्या. तेव्हापासून मुंगी बोलते. आता तर समोरच्या दुकानदाराला ‘तुम्ही आधी त्यांना द्या, त्या आधी आल्या होत्या’ असे सुनावते. दुकानदाराची तक्रार आपल्याकडे आली तर ती खरी समजावी.

१६. आता भीतीचे कारण. गेल्या सोमवारी आपल्या पत्रानुसार सर्व मुलांना एक दिवस मोठ्या रस्त्यापलीकडच्या बालवाडीत सरावासाठी नेण्यात आले. तेथल्या बाईंबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. त्यांच्याकडे आधीच सेहेचाळीस मुले आहेत, त्यांत ही एकोणीस, आणि बाई एक. माणसाला दोनच डोळे असतात. मुंगी तेथे दिवसभर दाराशी उभी होती. तिचा नंबर आला नाही. नंबर कोणाचाच नव्हता, ज्याचा धक्का मोठा तो पुढे. परत येताना मोठा रस्ता ओलांडताना तिने अर्जदाराचे बोट धरले, ते पलीकडे आल्यावरही सोडले नाही. त्या संध्याकाळी ती घरातसुद्धा बोलली नाही. घरातसुद्धा नाही, साहेब. असे पूर्वी कधी झाले नव्हते. मला रात्रभर तिच्या मुठीत माझे बोट तसेच वाटत होते. येथे ‘मला’ असे लिहिले गेले आहे, ‘अर्जदारास’ असे वाचावे. अर्जात खाडाखोड चालत नाही म्हणून तसेच ठेवले.

१७. मंगळवारी जुन्या वर्गात आल्यावर ती दुपारपर्यंत पुन्हा बोलू लागली. म्हणजे धागा अजून तुटलेला नाही. पण एक तारखेला नऊ दिवस राहिले आहेत.

१८. तेव्हा अर्जदाराने परिपत्रक मागवून वाचले. कलम चार म्हणते, ‘वय वर्षे तीन पूर्ण झालेल्या व इयत्ता पहिलीत दाखल न झालेल्या कोणासही प्रवेश नाकारू नये.’ वरची वयोमर्यादा कोठेही दिलेली नाही. अर्जदाराला तीन वर्षे पूर्ण होऊन अठ्ठावन्न वर्षे झाली आहेत. आणि परिच्छेद आठमध्ये नमूद केल्याप्रमाणे तो इयत्ता पहिलीत आजतागायत दाखल झालेला नाही. मास्तरांनी उंची पाहून केलेली चूक इतक्या वर्षांनी कामाला येईल असे कोणाला वाटले होते? फिटरलाही प्रवेश हवा होता, परंतु त्याने पहिली दोनदा केलेली असल्याने तो अपात्र ठरतो. त्याला त्याचे फार वाईट वाटले. सध्या त्याची समजूत काढणे चालू आहे.

१९. एका मोठ्या माणसाने लहान मुलांत परवानगीवाचून बसू नये, हे पर्यवेक्षिका बाईंचे म्हणणे अर्जदारास पूर्ण मान्य आहे. त्यांनी विचारले हे योग्यच केले, न विचारत्या तर आम्ही आजोबा मंडळीच काळजीत पडलो असतो. अर्जदार कोणतीही चौकशी, दाखला, तपासणी यांस तयार आहे. हवे तर त्याने खिडकीशी बसावे, खाऊ घेऊ नये, अस्वल होऊ नये. शेवटचे जड जाईल, पण होईल.

२०. हा प्रवेश कायमचा नको आहे. फक्त चार महिने हवा आहे. टाकीमागच्या गल्लीत कोणत्या घरात किती माणसे, हे चावीवाल्याला तोंडपाठ असते. नव्या वर्षात तेथील पाच बाळांना तीन वर्षे पूर्ण होतात. यादी जोडली आहे. पाचांपैकी पहिले ज्या दिवशी दाखल होईल त्या दिवशी अर्जदाराचे नाव काटावे. तो आपल्या वहाणा स्वतः फळीवरून उचलून पायरीवर ठेवील.

२१. आणि यांतले काहीच नियमात बसत नसेल, तर निदान पत्रावर शेवटची सही करण्यापूर्वी आपण एक सकाळ वर्गात येऊन बसावे. अर्जदाराची खुर्ची आपल्याला देण्यात येईल. ती वीतभर उंचीची आहे, एकदा बसले की उठायला दोन मुले लागतात, पण ती मुले तेथे आहेत.

२२. काल मुंगीने विचारले, ‘आजोबा, आपली शाळा जाणार का?’ अर्जदाराने सांगितले, ‘मी अर्ज लिहिलाय.’ ती म्हणाली, ‘मग आता कुणाचा नंबर?’ अर्जदाराने चौतीस वर्षांत असे उत्तर कधी दिले नव्हते, कारण प्रत्येक वेळी नंबर त्याचाच असे. तो म्हणाला, ‘आता साहेबांचा.’

रांगेत आपल्या मागे उभा असलेला,
आपला नम्र,

(सही)
चावीवाला, सेवानिवृत्त
विद्यार्थी क्र. २० (मंजुरीच्या अधीन)
तारीख बावीस, चालू महिना

सोबत जोडलेली कागदपत्रे :

१) तीन दिवस बसण्याची परवानगी, मूळ प्रत.

२) अर्जदाराचे प्रगतिपत्रक, बाईंच्या सहीचे. त्यातील नोंदी : रंग ओळखतो, होय. एका पायावर पाच सेकंद उभा राहतो, भिंत धरून. आपली वस्तू इतरांना देतो, आठवण केल्यावर. राग शब्दांत सांगतो, चांगली सुधारणा. गाण्यात भाग घेतो, गरजेपेक्षा जास्त.

३) फिटरचे पत्र, पाना टाकीत पडल्याबाबत. चौकशी आता बसवायची असल्यास अर्जदार हजर आहे.

४) पाच बाळांची यादी, जन्मतारखांसह.

५) पुठ्ठ्याचा बिल्ला, क्रमांक एक. हा मुंगीच्या हाताला सात महिन्यांत काल प्रथमच आला होता. अर्ज पाकिटात घालताना तिने तो आपणहून आत टाकला, कोणीही सांगितले नव्हते. पहिला नंबर आपला आहे. काम झाल्यावर बिल्ला परत करावा, ती वाट पाहत आहे. आता तिला वाट पाहता येते.